वेंकटरावांची वासना

चेन्नईला जाऊन आलो म्हटलं की सांगलीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : तिरुपती केलंत का? नाही केलं. समुद्र पाहिला, तोही अर्धाच. देवळं पाहिली ती रिक्षातून. मग चार दिवस केलंत काय, असं कुणी विचारलं की मी हवेचा विषय काढतो. कारण खरं उत्तर असं आहे, की रविवारी सकाळी अकरा वाजता, अंघोळ करून, उपाशीपोटी मी माझ्या व्याह्यांबरोबर दारू चाखली, आणि आमच्या दोघांच्या बायका समोर बसून बघत होत्या.

हे नीट सांगायचं तर सुनेपासून सुरुवात करायला हवी. आमचा आदित्य स्कॉटलंडमध्ये कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. त्याने तिथेच लग्न जमवलं आणि केलंही तिथेच, ते वैदेहीशी. मुलगी चेन्नईची, पण घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, म्हणजे काही शतकांपूर्वी मराठी राजांबरोबर तिकडे गेले आणि तिकडचेच झाले त्या लोकांपैकी. मराठी मुलगी मिळाली म्हणून माझी बायको सुनंदा हरखली. नंतर सून काय काम करते ते कळलं आणि ती जरा गप्प झाली. वैदेही व्हिस्कीच्या कारखान्यात आहे. तिचं काम वास घेण्याचं. पिंपांत मुरत पडलेली व्हिस्की हुंगायची आणि तिचं काय झालंय, काय व्हायचंय ते सांगायचं. आमच्या कॉलनीत सुनंदा अजूनही 'केमिकल कंपनीत आहे' असंच सांगते.

गेल्या महिन्यात आदित्य कामासाठी पुण्यात आला आणि आमच्या हातात एक बाटली ठेवून गेला. खोकल्याच्या औषधाची असते तेवढी बाटली, वर पेनाने लिहिलेला कागद. बरोबर पोट फुगलेले आणि तोंडाशी निमुळते असे दोन काचेचे ग्लास. हे सगळं आम्ही जातीने चेन्नईला वैदेहीच्या वडिलांकडे पोचवायचं. एका पिंपाचा तो नमुना होता. सिंगल माल्ट. पिंप शेरीचं, म्हणजे आधी त्यात स्पेनमधली द्राक्षांची दारू ठेवलेली. शिवाय धुराची. तिकडे दलदलीतली घट्ट माती विटांसारखी कापून, वाळवून, गोवऱ्यांसारखी जाळतात आणि त्या धुरावर सातू वाळवतात, असं आदित्यने समजावून सांगितलं. आमच्याकडे आमटी धुरकट झाली तर माणूस ताट बाजूला सारतो. तिकडे त्याच धुराचं कौतुक.

पण मुद्दा धुराचा नव्हता. त्या पिंपाचं काय करायचं हे पहिल्यांदाच वैदेहीच्या एकटीच्या शब्दावर ठरणार होतं. बाटल्या भरायच्या की अजून मुरू द्यायचं, हे तिला सोमवारी साहेबाला सांगायचं होतं. तिथले सगळे छान छान म्हणत होते, त्यामुळेच तिचा कुणावर विश्वास नव्हता. तिला फक्त तिच्या अप्पांचं ऐकायचं होतं. लहानपणी अप्पा तिचे डोळे बांधून तिच्या नाकाशी मसाल्याचे डबे धरायचे आणि ओळख म्हणायचे. तिथून तिचं नाक तयार झालं. वेंकटराव रेल्वेच्या कारखान्यात होते. कुठल्या यंत्राचं वंगण जळतंय हे ते दारातून आत येता येता सांगायचे, अशी त्यांची ख्याती. असं नाक दुसरं नाही, असं वैदेही अजूनही म्हणते.

तर ती बाटली सुनंदाच्या इरकली साडीत गुंडाळून, तासगावच्या बेदाण्यांच्या डब्यांमध्ये दाबून, आम्ही निघालो. विमानात काही घडलं नाही.

गुरुवार, अण्णा नगर

अण्णा नगरातल्या त्यांच्या घरी पोचलो तेव्हा वेंकटराव फाटकाशीच उभे होते. उंच, ताठ, कपाळाला गंध, पांढरंशुभ्र, लुंगीसारखं नेसलेलं धोतर. शेजारच्या गृहस्थांना त्यांनी माझी ओळख करून दिली : "हे आमचे संबंधी." मी वाट पाहिली. कशासंबंधी? वाक्य पुढे जाईना. मग कळलं की व्याह्याला तिकडे संबंधीच म्हणतात. चार दिवस मी संबंधी होतो, आणि हळूहळू मला ते आवडायला लागलं. व्याही या शब्दात मानपानाचा ताण आहे. संबंधी म्हणजे नुसताच संबंध.

त्यांची मराठी ऐकायला कान थोडा तिरका करावा लागतो. 'आहे'चं 'अहे' होतं. आपण कधीच टाकून दिलेले अनुस्वार त्यांनी जपून ठेवलेत. आणि वाक्याची चाल पूर्ण तमिळ, शेवटी वर जाणारी, त्यामुळे साधं 'जेवा' म्हटलं तरी ते विचारतायत की सांगतायत ते कळत नाही. आम्ही दोन्ही अर्थांनी जेवत राहिलो.

जेवणाचीच गोष्ट. वैदेहीच्या आई, रुक्माबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या की आज पिटलै केलंय. सुनंदाचा चेहरा उजळला. परमुलखात पहिल्याच दिवशी पिठलं. ताटात आलं ते कारल्याचं डाळ घातलेलं, चिंचेचं, खोबऱ्याचं. सुनंदाला कारलं चालत नाही. पण मुलाकडची बाई म्हणून तिने ते शेवटपर्यंत खाल्लं, आणि रुक्माबाईंना वाटलं आवडलं, म्हणून दुसऱ्यांदा वाढलं. शब्द एकच असला की पदार्थही एकच असेल असं धरून चालू नये, हा धडा मी तिथेच घ्यायला हवा होता. घेतला नाही, म्हणून पुढचं सगळं घडलं.

जेवणानंतर बॅग उघडली. बाटली शाबूत होती, बेदाणे शाबूत होते, दोन ग्लासांपैकी एकाचे तुकडे इरकलीच्या पदरात निघाले. सुनंदाने मला दोष दिला, मी विमान कंपनीला. वेंकटराव म्हणाले एक पुरे. बाटली त्यांनी हातात घेतली, उजेडात धरली, लेकीचं अक्षर बराच वेळ वाचलं. झाकण उघडलं नाही. मला वाटलं, रविवारसाठी मन आवरतायत. वैदेहीने रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल ठरवला होता, आणि तोवर बाटलीला हात लावू नका असं बजावलं होतं. रुक्माबाईंनी ती उचलून लोखंडी कपाटावर ठेवली, देवांच्या खोलीपासून लांबच्या.

शुक्रवार, कोवलम

कोवलम म्हटल्यावर सुनंदा म्हणाली ते केरळात असतं. हे दुसरं. शहराबाहेर समुद्राच्या कडेने जो रस्ता जातो त्यावरचं कोळ्यांचं गाव. बसने गेलो. रुक्माबाईंनी डब्यात दहीभात आणि लिंबाचं लोणचं घेतलं होतं, कारण बाहेरचं ते खात नाहीत आणि आमच्यावरही ती वेळ येऊ देणार नव्हते.

वाळूवर रंगीत होड्या ओढून ठेवलेल्या, त्यांच्या सावलीत माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली. आणि सगळ्या किनाऱ्यावर, प्लास्टिकच्या कापडांवर, मासे वाळत घातलेले. तो वास काय वर्णावा. मी सांगलीचा, आमच्याकडे मासे म्हणजे कृष्णेचे, तेही दुसऱ्याच्या घरी. सुनंदाने पदर नाकाला लावला, रुक्माबाईंनी लावला, मी रुमाल काढला. वेंकटराव मात्र वाळत घातलेल्या माशांच्या अगदी मधोमध उभे राहून समुद्राकडे बघत होते. संध्या करणारा माणूस, ज्याच्या घरात कांदासुद्धा वार बघून येतो, तो तिथे असा उभा होता की जणू चंदनाच्या बनात आहे. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

मी शेजारी जाऊन उभा राहिलो. बायका पुढे गेल्या होत्या. वेंकटरावांनी एकदा त्या दिशेने पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "संबंधी, एक सांगतों. मनांत ठेवा. माझी वासना गेली. दोन वर्षं झालीं."

आता अशा वेळी माणसाने काय बोलावं? सत्तरीला टेकलेला गृहस्थ, ओळख नुकती कुठे व्हायला लागलेली, आणि भर दुपारी समुद्रकाठी हे. क्षणभर मला वेगळीच शंका आली आणि मी बायका किती लांब गेल्यात ते पाहून घेतलं. मग त्यांच्या पायाशी पसरलेले मासे पाहिले, त्यांचा तो शांत चेहरा पाहिला, आणि उलगडा झाला. माणूस विरक्त झालाय. सुगंध-दुर्गंध, गोड-कडू, सगळं सारखं. गीतेत सांगितलंय तसं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "गेली तर गेली, वेंकटराव. लोक त्यासाठी हिमालयात जातात."

ते माझ्याकडे वळले. डोळ्यांत एकदम आशा दिसली. "हिमालयांत कोण डाक्टर अहे?"

मला वाटलं विनोद केला. मी मोकळेपणाने हसलो. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, वैदेहीस सांगूं नका. मी म्हटलं छे, हे काय मुलीला सांगायचं असतं? त्यावर त्यांना फार बरं वाटल्यासारखं दिसलं, आणि आम्ही दहीभात खायला गेलो. परतीच्या बसमध्ये मी सुनंदाला म्हणालो, आपले व्याही साधू माणूस आहेत. ती म्हणाली, साधू असतील तर रविवारी दारू कशाला पिणार आहेत? 

शनिवार, गच्ची

शनिवारी संध्याकाळी रुक्माबाईंनी फुलं आणली. तिकडे बायका फुलांशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. सुनंदाला खुर्चीत बसवून त्यांनी तिच्या अंबाड्यावर हातभर लांबीचा मोगऱ्याचा गजरा माळला, आणि माझ्यासमोर, अगदी सहज, म्हणाल्या, "मदुरैची मल्ली अहे. उद्यांपर्यंत वासना जाणार नाहीं."

सुनंदाला ठसका लागला. मी पेपर डोळ्यांसमोर धरला. पण रुक्माबाई थांबेनात. कॉफी आणली आणि म्हणाल्या, आज नवीन पूड घातली, वासना बघा कशी आली अहे. तेव्हा मी पेपर खाली ठेवून विचारलं की वहिनी, तुमच्याकडे वासना म्हणजे नेमकं काय? त्यांनी मी मंद असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, फुलास असते ती. कॉफीस असते ती. तमिळमध्ये वासनै म्हणतात, त्यांच्याकडे वासना. नाकाला येते ती.

सुनंदा हसून हसून लाल झाली. मीही हसत होतो. मग कोवलम आठवलं आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. ते मासे. हिमालयातला डॉक्टर. माझा खांद्यावरचा हात.

वेंकटराव गच्चीवर तुळशीला पाणी घालत होते. मी वर गेलो आणि आधी माफी मागितली. मला काय समजलं होतं ते सांगितल्यावर ते कठड्याला धरून इतके हसले की झारी हातातून पडली. हसून झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. साधा ताप आला होता, त्या साथीतला. बरे झाले, पहिली कॉफी तोंडाला लावली आणि नुसतं गरम कडू पाणी लागलं. डॉक्टर म्हणाले येईल परत. आली नाही. जेवण म्हणजे आता मीठ, तिखट, आंबट, गोड, एवढंच. रुक्माबाईंना सांगितलं नाही, त्या रोज ताटाशी बसून कसं झालंय विचारतात म्हणून. लेकीला सांगितलं नाही, कारण तिने आयुष्य उभं केलं ते बापाच्या नाकावर भरवसा ठेवून. आणि आता ती विचारणार होती, त्यांनाच विचारणार होती, आणि त्यांच्यापाशी सांगायला काही नव्हतं. बोलताना त्यांचा ताठ बांधा जरा वाकल्यासारखा वाटला. मला त्यांची फार कणव आली.

कणव आली की मला हुशारी सुचते. मी म्हटलं, ग्लास एकच आहे ही देवाची कृपा. मी स्वयंपाकघरात ओततो, आधी हुंगतो, तुमच्या कानात सांगतो. तुम्ही बाहेर येऊन तेच बोला. ते म्हणाले लेकीशीं खोटं बोलूं? मी म्हटलं खोटं कुठे आहे, नाक माझं आणि तोंड तुमचं. नाही तरी संबंधी कशासाठी असतात? त्यांनी पडलेली झारी उचलली आणि मान हलवली.

व्हिस्कीतलं मला काय कळतं हा प्रश्न दोघांपैकी कुणालाच सुचला नाही. आमच्या वीज मंडळात कुणी रिटायर झालं की ढाब्यावर खाऱ्या शेंगदाण्यांबरोबर सोडा घालून जे मिळायचं, तेवढाच माझा अभ्यास.

रविवार

वैदेहीची सूचना होती की अकरापर्यंत घरात दुसरा कुठलाही वास नको. म्हणजे कॉफी नाही. फोडणी नाही. उदबत्ती नाही, सांब्राणी, म्हणजे तिकडचा धूप, तीही नाही. डोक्याला तेल नाही. सुनंदाचा गजरा फ्रिजमध्ये गेला. कॉफीविना चेन्नईतलं घर मी पाहिलं, आणि परत बघायची इच्छा नाही. रुक्माबाई देवांची माफी मागत बिनवासाची पूजा करून आल्या. मी दोनदा उगाच स्वयंपाकघरात जाऊन कॉफीचं फिल्टर पाहून आलो. 

अकराला टॅब्लेट इडलीच्या भांड्याला टेकवून उभा केला. तिकडे पहाट होती. वैदेही कानटोपी घालून बसली होती, समोर तिचा ग्लास, हातात पेन. मागे आदित्य पांघरुणासकट बसून झोपा काढत होता. ती म्हणाली, अप्पा, कौतुक नको, खरं काय ते सांगा. 

मी वेंकटरावांसह आत जाऊन ओतलं. रंग चांगलाच गडद, ताज्या काकवीसारखा. नाक ग्लासात घातलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्यांदा जपून घातलं. धूर. चुलीचा, ओल्या लाकडाचा, आमटी धुरकटवणारा धूर. मग त्याच्या मागून बेदाणे, तासगावला मेव्हण्याच्या शेडमध्ये शिरलं की येतो तो गोड, जड वास. आणि अगदी शेवटी लहानपणी आई झाकणाने पाजायची ते द्राक्षासव. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. वेंकटरावांना मी हलक्या आवाजात सांगितलं, आधी धूर, मग बेदाणे, शेवटी द्राक्षासव. त्यांनी ते तोंडी परीक्षेला निघालेल्या मुलासारखं तीनदा घोकलं, ग्लास घेतला आणि बाहेर गेले.

त्यांनी सुरेख केलं. डोळे मिटले, ग्लास फिरवला, नाकाशी धरला, बाजूला घेतला, परत धरला. बघणाऱ्याला वाटावं हा माणूस जन्मभर हेच करत आलाय. मग डोळे न उघडताच म्हणाले, "अगोदर धुराचा वास येतो. मग बेदाण्यांचा वास. शेवटीं द्राक्षासव."

वैदेहीचं पेन हललं नाही. तिने परत सांगायला सांगितलं. त्यांनी परत सांगितलं.

"वास?" ती म्हणाली. "अप्पा, आपल्या घरीं वास गटारास असतो. तुम्ही जन्मांत कधी चांगल्यास वास म्हणालां नाहीं. आणि बेदाणे हा सांगलीच्या बाबांचा शब्द."

सांगलीचे बाबा पंख्याकडे बघत होते. मागे आदित्य पूर्ण जागा झाला. वेंकटरावांनी ग्लास टेबलावर ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि सांगून टाकलं.

"वैदू, माझी वासना गेली."

या वेळी तो शब्द ऐकून कुणालाच हसू आलं नाही. मग एकेक बाहेर येत गेलं, ताप, कॉफी, दोन वर्षं. सुचलेली हुशारी माझी होती हेही मी कबूल केलं. रुक्माबाई शांतपणे म्हणाल्या की त्यांना ठाऊक होतं. एकदा दूध करपलं, शेजारीण धांवत आली, आणि हे पलीकडच्या खोलींत पेपर वाचत बसले होते. वेंकटराव म्हणाले मग बोलली कां नाहींस? त्या म्हणाल्या, तुम्हीं सांगितलं नाहीं म्हणून.

वैदेही रडत होती, आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हती. तिने रागावून विचारलं नाही, एवढंच म्हणाली की मग मी आतां कोणास विचारूं?  इतका वेळ आपण मदत करतोय असं मला वाटत होतं. आता स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात सुनंदाने हात पुढे केला. बाटली उघडल्यापासून ती पदर नाकाला लावून कोपऱ्यात बसली होती, आमच्या घराण्याची अब्रू एकटीने सांभाळत. तिने ग्लास उचलला, लांबूनच हुंगला, मग जवळ घेतला. कपाळाला आठी पडली. परत हुंगला. आणि म्हणाली, "अहो, ही तर बाळंतिणीची खोली."

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. ती बोलत सुटली. आदित्यच्या वेळी मिरजेला माहेरी होते. दारं-खिडक्या बंद. बाजेखाली शेगडी, तीत ओवा टाकून धुरी. उशाशी बाळंतशेपा. अंगाला तेल-हळद, जुन्या गोधड्यांची ऊब, जेवण झालं की आई झाकणभर द्राक्षासव देणार. आणि या सगळ्याच्या आत कुठेतरी बाळ. हाच तो वास, शंभर टक्के. मी तासगावपर्यंत पोचलो होतो आणि शेडमध्येच अडकलो. ती थेट खोलीत गेली.

रुक्माबाईंनी तिच्या हातातून ग्लास घेतला. त्यांना हुंगायला एक श्वास पुरला. "सांब्राणी," म्हणाल्या. "तंजावरास आमच्या आईची खोली. वैदेही झाली तेव्हांची." आणि डोळ्यांना पदर लावला.

पडद्यावर वैदेही रडता रडता हसत होती आणि लिहीत होती. तिच्या साहेबाला ती हे कसं सांगणार होती देव जाणे.

वेंकटरावांनी ग्लास मागितला. दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला आणि तसाच ठेवला. मघासारखा फिरवला नाही, काही अभिनय केला नाही. त्यांना काही येत नव्हतं हे आता सगळ्यांना माहीत होतं.

"ती खोली मला ठाऊक अहे," ते म्हणाले. "मी दाराबाहेर उभा होतों. सोयर फिटेपर्यंत पुरुषांस आंत घेत नव्हते. तुझं रडणं ऐकूं यायचं, आणि दाराखालून ही वासना. तुला पाहायच्या अगोदर मला ही आली होती."

वैदेहीने नाक पुसलं आणि कामाचं विचारलं. पिंप ठेवूं कीं काढूं, अप्पा?

तेव्हा कुठे त्यांनी घोट घेतला. ठसका लागला, छातीवरून हात फिरवला, मान हलवली. म्हणाले, "काढ. बाहेर आण आतां. दाराशीं कोणीतरी उभं असतं."

कॉल संपला. उरलेलं आम्ही दोघं त्याच एका ग्लासातून आळीपाळीने प्यायलो, आणि ते पाहूनही सुनंदा काही बोलली नाही. रुक्माबाई उठून आत गेल्या, उकळतं पाणी फिल्टरवर ओतल्याचा आवाज आला, आणि सकाळपासून मुकं बसलेलं घर हळूहळू भरायला लागलं. वेंकटराव दाराकडे तोंड करून बसले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "संबंधी, वासना आली काय?"

आणि मी, सुनंदासमोर, अजिबात न लाजता म्हणालो, "आली."